वृक्कविषाक्तता, रासायनी चिकित्साजन्य

वृक्कविषाक्तता, रासायनी चिकित्साजन्य : अर्बुदनाशक औषधांमुळे किंवा त्यांच्या क्रियेतून शरीरात मुक्त होणाऱ्या पदार्थांमुळे वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) रचनेस वा कार्यास जी इजा पोहोचते, तिला रासायनी चिकित्साजन्य वृक्कविषाक्तता म्हणतात. ही इजा कोणत्याही वयात होऊ शकते. परंतु लसीकार्बुद अथवा लिंफोमा झालेल्या वयस्क रुग्णांत तिचे महत्त्व विशेष आहे. लसीकार्बुद पुष्कळदा उतारवयात उद्भवते आणि त्याच वयात वृक्काची राखीव कार्यक्षमता घटलेली असते. उलट, लसीकार्बुदाचे काही आक्रमक प्रकार पुरेशा मात्रेत औषधे दिल्यास सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांतही पूर्णपणे बरे होऊ शकतात. त्यामुळे चिकित्सकाला दोन प्रकारच्या चुका टाळाव्या लागतात. मात्रा अधिक झाल्यास वृक्क निकामी होऊन रुग्ण दगावू शकतो. केवळ वयाकडे पाहून ती अकारण कमी केल्यास बरा होऊ शकणारा रोग हाताबाहेर जातो. या दोहोंमधील मार्ग कसा काढतात, याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

लसीकार्बुदे व त्यांवरील औषधयोजना : लसीका कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे लसीका ग्रंथी, प्लीहा, अस्थिमज्जा इ. ठिकाणी होणाऱ्या मारक अर्बुदांस लसीकार्बुदे म्हणतात. टॉमस हॉजकिन या इंग्रज वैद्यांनी १८३२ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हॉजकिन रोग आणि हॉजकिनेतर लसीकार्बुदे असे दोन मुख्य वर्ग मानतात. दुसऱ्या वर्गातील विसरित बृहत् बी-कोशिका लसीकार्बुद हा आक्रमक प्रकार सर्वांत जास्त आढळतो. त्यावर सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसीन, व्हिन्क्रिस्टीन व प्रेडनिसोन या चार औषधांची योजना १९७० नंतरच्या दशकापासून रूढ झाली. रिटक्सिमॅब या प्रतिपिंडाला १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाल्यानंतर त्याची जोड या चौकडीला देण्यात आली. ६० ते ८० वर्षे वयाच्या रुग्णांवर फ्रान्सच्या पुढाकाराने झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत ही जोड दिलेल्या गटातील सु. ७०% रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते. केवळ जुनी चार औषधे दिलेल्या गटात हे प्रमाण सु. ५७% होते.

या पंचौषधी योजनेतील औषधे वृक्काला प्रत्यक्षपणे फारशी विषारी नाहीत. वृक्काचा प्रश्न मुख्यत्वे तीन प्रसंगी तीव्र होतो : (१) पहिल्याच औषधावर्तनात अर्बुदाचा मोठा भाग एकदम नष्ट होतो तेव्हा, (२) रोग मेंदूत असल्यामुळे किंवा तेथे पसरण्याच्या भीतीमुळे मिथोट्रेक्झेट मोठ्या मात्रेत द्यावे लागते तेव्हा आणि (३) रोग उलटल्यामुळे सिस्प्लॅटिन वा आयफॉस्फामाइड यांचा अंतर्भाव असलेल्या योजना वापराव्या लागतात तेव्हा. [⟶ कर्करोग, लसीका तंत्र].

वृद्धापकाळातील वृक्क : हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सु. एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश रक्त वृक्कांकडे जाते. प्रत्येक वृक्कात सु. दहा लाख वृक्काणू असतात. प्रत्येक वृक्काणूच्या आरंभी असलेल्या केशिकागुच्छातून रक्तद्रव गाळला जातो. निरोगी तरुण व्यक्तीत हा गालनवेग मिनिटाला १०० ते १२५ मिलि. म्हणजे दिवसाला सु. १८० लि. भरतो. त्यापैकी दीड-दोन लिटर सोडून बाकीचे सर्व पाणी नलिका परत शोषून घेतात. या व्यवस्थेमुळेच वृक्क विषास सहज बळी पडते. रक्तातील औषध मोठ्या प्रमाणात वृक्काकडे येते आणि पाणी शोषले गेल्याने नलिकेतील त्याची संहती पुष्कळच वाढते.

वयाच्या चाळिशीनंतर गालनवेग दरवर्षी सरासरीने मिनिटाला सु. १ मिलि. कमी होत जातो. मधुमेह व उच्च रक्तदाब असणाऱ्यांत ही घट अधिक वेगाने होते. मूत्र संहत करण्याची नलिकांची क्षमता मंदावते आणि तहानेची जाणीवही बोथट होते. त्यामुळे वृद्ध व्यक्तीत वांत्या, अतिसार किंवा उन्हाळा एवढ्यानेही निर्जलीभवन होऊ शकते. त्यातच पुरुषांत अष्ठीला ग्रंथीच्या वाढीमुळे मूत्रमार्गाला अडथळा असतो. सांधेदुखीसाठी घेतलेली वेदनाशामके, रक्तदाबावरील औषधे व मूत्रल औषधे ही वृक्कातील रक्तप्रवाहाचे नियमन बिघडवतात. लसीकार्बुद स्वतःही वृक्काला अपाय करू शकते. पोटाच्या मागील भागातील वाढलेल्या ग्रंथी मूत्रवाहिन्यांवर दाब देतात, क्वचित अर्बुदकोशिका वृक्कातच शिरतात, तर कधी रक्तातील कॅल्शियम वाढते. म्हणजे औषधाचा पहिला थेंब शरीरात जाण्यापूर्वीच वृक्कावर भार पडलेला असतो.

वृक्ककार्याचे मापन : रक्तातील क्रिॲटिनिनाचे प्रमाण हे वृक्ककार्याचे नेहमीचे मापक होय. क्रिॲटिनीन स्नायूंत तयार होते. वृद्धापकाळात आणि दीर्घ आजारात स्नायू क्षीण झाल्याने त्याची निर्मितीच कमी होते. परिणामी वृक्ककार्य निम्म्यावर आले, तरी रक्तातील प्रमाण प्रयोगशाळेच्या मर्यादेत राहते आणि ते पाहून समाधान मानल्यास फसगत होते. कॅनडातील कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी १९७६ मध्ये सुचविलेले सूत्र यासाठी अद्याप उपयोगी पडते. १४० मधून वय वजा करून त्यास किलोग्रॅममधील वजनाने गुणतात व त्या गुणाकारास क्रिॲटिनिनाच्या (दर १०० मिलि. रक्तद्रवातील मिग्रॅ.) ७२ पटीने भागतात. स्त्रियांच्या बाबतीत येणाऱ्या उत्तरास ०·८५ ने गुणतात. उदा., ३० वर्षे वयाच्या, ७० किग्रॅ. वजनाच्या पुरुषात क्रिॲटिनीन १ मिग्रॅ. असेल, तर उत्तर मिनिटास सु. १०७ मिलि. येते, ७६ वर्षे वयाच्या, ४८ किग्रॅ. वजनाच्या स्त्रीत क्रिॲटिनीन तेवढेच असूनही ते सु. ३६ मिलि. येते. प्रयोगशाळेचा अहवाल दोघांचाही सारखाच ‘प्राकृत’ असतो. परंतु पहिल्याला झेपणारी मात्रा दुसरीला घातक ठरू शकते.

फ्रान्समधील हजारो कर्करोग रुग्णांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत क्रिॲटिनीन वाढलेले रुग्ण सु. ७% च होते. पण सूत्राने काढलेला गालनवेग निम्म्याहून अधिक रुग्णांत घटलेला आढळला. त्याच वर्षी वृद्धांच्या कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रत्येक वयस्क रुग्णात औषध देण्यापूर्वी गालनवेगाचा अंदाज घ्यावा, अशी शिफारस केली. अलीकडे २००९ व २०२१ मधील नवी सूत्रे, तसेच स्नायूंच्या वस्तुमानावर फारसे अवलंबून नसलेल्या सिस्टॅटिन-सी या प्रथिनाचे मापन यांचाही उपयोग करतात. अतिशय कृश किंवा स्थूल रुग्णांत सर्वच सूत्रांच्या मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात.

इजेचे प्रकार : (अ) अर्बुदविलयन लक्षणसमूह : झपाट्याने वाढणारे किंवा आकाराने मोठे अर्बुद औषधाने काही तासांत विरघळू लागते, तेव्हा मृत कोशिकांतील पोटॅशियम, फॉस्फेट व न्यूक्लिइक अम्ले रक्तात उतरतात. न्यूक्लिइक अम्लांपासून यूरिक अम्ल बनते आणि त्याचे स्फटिक नलिकांत साचतात. फॉस्फेटाचा कॅल्शियमाशी संयोग होऊन रक्तातील कॅल्शियम घटते व त्याचे लवण वृक्कात साठते. पोटॅशियम वाढल्यास हृदयाचे स्पंदन एकाएकी थांबण्याचा धोका असतो. बर्किट लसीकार्बुदात हा प्रकार विशेषेकरून आढळतो. औषध प्रभावी ठरल्यामुळेच तो उद्भवतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

(आ) सिस्प्लॅटिन : प्लॅटिनमाच्या या संयुगाचा कोशिकाविभाजनावरील परिणाम बार्नेट रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या १९६५ मधील सूक्ष्मजंतूंवरील प्रयोगांतून ध्यानात आला आणि १९७८ मध्ये ते अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. समीपस्थ नलिकेच्या कोशिका ते रक्तातून ओढून घेतात व त्यांतील संहती रक्तातील संहतीपेक्षा कितीतरी अधिक होऊन त्या कोशिका मरतात. क्रिॲटिनीन काही दिवसांनंतर, बहुधा रुग्ण घरी परतल्यावर वाढू लागते. या इजेत मूत्राचे प्रमाण सामान्यतः कमी होत नाही. त्यामुळे ‘लघवी व्यवस्थित होते’ एवढ्यावरून वृक्क सुरक्षित आहे असे मानता येत नाही. मॅग्नेशियमाचा मूत्रावाटे होणारा ऱ्हास कित्येक महिने टिकू शकतो.

(इ) मिथोट्रेक्झेट : फॉलिक अम्लाला विरोध करणाऱ्या औषधांपैकी हे होय. या वर्गाच्या विकासात येल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेचा मोठा वाटा होता. तेथे तयार झालेले ॲमिनोप्टेरीन वापरून सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये बालकांच्या रक्तार्बुदात तात्पुरता उतार पडल्याचे दाखविले. मेंदूतील लसीकार्बुदात मिथोट्रेक्झेटाची मात्रा शरीरपृष्ठाच्या दर चौ. मी. स ३ ग्रॅ. किंवा अधिक असते. ते मुख्यत्वे वृक्कावाटे बाहेर पडते व अम्लीय मूत्रात त्याचे स्फटिक बनतात. येथे एक दुष्टचक्र सुरू होते : वृक्काला इजा झाल्याने औषध बाहेर पडत नाही आणि ते रक्तात रेंगाळल्याने वृक्काबरोबरच अस्थिमज्जा, तोंड व आतडी यांच्या अस्तरालाही इजा होते. छातीत वा पोटात पाणी साठलेले असल्यास औषध त्यात मुरते व हळूहळू परत रक्तात येत राहते.

(ई) इतर औषधे : आयफॉस्फामाइडाच्या चयापचयातून निघणारे क्लोरोॲसिटाल्डिहाइड समीपस्थ नलिकेला विषारी असते. त्यामुळे ग्लुकोज, फॉस्फेट, बायकार्बोनेट इ. उपयुक्त पदार्थ मूत्रातून वाया जातात. मेस्ना या औषधाने मूत्राशयाचे संरक्षण होते. वृक्काचे होत नाही. सायक्लोफॉस्फामाइडामुळे शरीरात पाणी अडून रक्तातील सोडियम घटू शकते, तर व्हिन्क्रिस्टिनामुळे मूत्राशय रिकामे होण्यास अडचण येते. जंतुसंसर्गासाठी द्याव्या लागणाऱ्या ॲमिनोग्लायकोसाइड वर्गातील प्रतिजैवांमुळे, व्हँकोमायसीन व अँफोटेरिसीन-बी यांमुळे आणि क्ष-किरण चित्रणासाठी वापरलेल्या आयोडीनयुक्त द्रव्यांमुळे या इजेत भर पडते.

प्रतिबंध : वृक्कविषाक्ततेवर प्रतिबंध हाच खरा उपाय होय. प्रत्येक आवर्तनापूर्वी गालनवेग, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम व यूरिक अम्ल यांची तपासणी करतात. ग्रंथींच्या दाबामुळे मूत्रवाहिनी तुंबली असल्यास नळी घालून ती प्रथम मोकळी करतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके बंद करतात व रक्तदाबावरील औषधांचा फेरविचार करतात. आक्रमक लसीकार्बुदाच्या वयस्क रुग्णांत मुख्य औषधांपूर्वी काही दिवस केवळ प्रेडनिसोन देण्याचा प्रघात आहे. त्यामुळे रुग्णाची प्रकृती सावरते व पहिल्या आवर्तनातील धोका कमी होतो.

नीलेवाटे लवण विद्राव देऊन मूत्रप्रवाह भरपूर राखणे हा प्रतिबंधाचा पाया आहे. तथापि तरुणाला दिले जाणारे तीन-चार लिटर पाणी वृद्धाचे हृदय पेलेलच असे नाही. डॉक्सोरुबिसिनाने ते आधीच दुर्बल झालेले असू शकते. म्हणून हृदयाची प्रतिध्वनी-तपासणी करून विद्रावाचा वेग ठरवितात. रुग्णाचे वजन दिवसातून दोनदा घेतात, दिलेले पाणी व झालेले मूत्र यांचा ताळा ठेवतात आणि पायांवरील सूज व श्वसन यांवर लक्ष ठेवतात. मूत्रल औषध शरीरात पाणी साठू लागल्यासच देतात. कोरड्या पडलेल्या रुग्णाला ते दिल्यास अपाय होतो.

यापुढील उपाय औषधागणिक बदलतात. सिस्प्लॅटिनासोबत मॅग्नेशियम दिल्याने वृक्काचे संरक्षण होते असे आढळले आहे. तीव्र वांत्यांवर प्रतिबंधक औषधे आधीपासूनच द्यावी लागतात. मिथोट्रेक्झेट सुरू करण्यापूर्वी सोडियम बायकार्बोनेटाने मूत्राचे पीएच मूल्य ७ किंवा अधिक करतात व ते तसेच राखतात. औषधाची रक्तातील पातळी २४, ४८ व ७२ तासांनी मोजतात. औषध सुरू केल्यापासून २४ ते ३६ तासांच्या आत फॉलिनिक अम्ल सुरू करून पातळी सुरक्षित मर्यादेखाली येईपर्यंत चालू ठेवतात. या काळात सल्फा-ट्रायमेथोप्रिम, पेनिसिलीन वर्गातील औषधे आणि जठरातील अम्लता कमी करणारी ओमेप्रॅझोलासारखी औषधे टाळतात, कारण त्यांमुळे मिथोट्रेक्झेटाचे उत्सर्जन मंदावते.

अर्बुदविलयनाचा धोका असल्यास ॲलोप्युरिनॉल एक-दोन दिवस आधी सुरू करतात. गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून आलेल्या या औषधाने नवीन यूरिक अम्ल बनणे थांबते. आधीच बनलेले मात्र कमी होत नाही. त्यासाठी रॅसब्यूरिकेज हे एंझाइम वापरतात. ते यूरिक अम्लाचे अधिक विद्राव्य अशा ॲलँटॉइनात रूपांतर करते. तांबड्या कोशिकांत ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज या एंझाइमाची आनुवंशिक न्यूनता असलेल्यांत त्यामुळे तीव्र रक्तविलयन होते. ही न्यूनता भारतात पारशी समाजात व काही आदिवासी जमातींत तुलनेने अधिक आढळत असल्याने तिची चाचणी आधी करणे इष्ट असते. पूर्वी अर्बुदविलयनातही मूत्र क्षारीय करीत; परंतु त्यामुळे कॅल्शियम फॉस्फेटाचे निक्षेपण वाढत असल्याने ही पद्धत आता सरसकट वापरीत नाहीत. मिथोट्रेक्झेटाच्या बाबतीत आवश्यक असलेला उपाय येथे अहितकारक ठरू शकतो, हे ध्यानात ठेवावे लागते.

निदान व उपचार : आंतरराष्ट्रीय तज्ञ गटाने २०१२ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार ४८ तासांत क्रिॲटिनीन ०·३ मिग्रॅ. नी वाढल्यास, सात दिवसांत ते मूळच्या दीडपट झाल्यास किंवा मूत्राचे प्रमाण सहा तास दर किग्रॅ. वजनास ताशी ०·५ मिलि. हून कमी राहिल्यास वृक्काला तीव्र इजा झाली असे समजतात. वृद्धांत मूळ क्रिॲटिनीन कमी असल्याने ०·७ वरून १·१ मिग्रॅ. अशी वाढ अहवालात ठळकपणे दिसत नाही. परंतु ती या व्याख्येत बसते. मागील अहवाल शेजारी ठेवून तुलना करणे म्हणूनच आवश्यक असते.

इजा आढळल्यास कारणीभूत औषध थांबवितात, निर्जलीभवन दुरुस्त करतात आणि श्राव्यातीत ध्वनिचित्रणाने मूत्रमार्गातील अडथळा नाही याची खात्री करून घेतात. वाढलेल्या पोटॅशियमावर तातडीने उपचार करतात. वृक्कावाटे जाणाऱ्या इतर सर्व औषधांच्या मात्रा नव्याने ठरवितात. मिथोट्रेक्झेट रक्तात साचून राहिल्यास फॉलिनिक अम्लाची मात्रा वाढवितात. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ग्लुकार्पिडेज हे एंझाइम रक्तातील मिथोट्रेक्झेटाचे अल्पावधीत विघटन करते. मात्र ते महाग असून सर्वत्र उपलब्ध नसते. पोटॅशियम वा पाणी आटोक्यात येत नसल्यास रक्ताचे अपोहन करतात. ते पुष्कळदा तात्पुरते असते; वृक्क सावरल्यावर त्याची गरज राहत नाही. केवळ वयामुळे ते नाकारणे योग्य नव्हे. [⟶ वृक्क, कृत्रिम].

मात्रेचा निर्णय : वृक्ककार्य घटलेले असल्यास पर्याय तीन असतात : औषध बदलणे, मात्रा गालनवेगानुसार बेतणे किंवा उपचाराचे उद्दिष्टच बदलणे. उलटलेल्या रोगात सिस्प्लॅटिनाऐवजी वृक्काला कमी विषारी असलेले कार्बोप्लॅटिन देता येते. त्याची मात्रा कॅल्व्हर्ट यांनी १९८९ मध्ये दिलेल्या सूत्राने काढतात. गालनवेगात २५ मिळवून अपेक्षित रक्तसंपर्काच्या अंकाने गुणतात. हा अंक ५ धरल्यास मिनिटास १०० मिलि. गालनवेगाला ६२५ मिग्रॅ., तर ४५ मिलि. गालनवेगाला ३५० मिग्रॅ. एवढी मात्रा येते. अशा रीतीने कमी केलेली मात्रा ही वास्तविक उणी मात्रा नसून त्या रुग्णाची पूर्ण मात्राच होय, कारण औषध त्याच्या शरीरात अधिक काळ राहते. याउलट रिटक्सिमॅब, व्हिन्क्रिस्टीन व डॉक्सोरुबिसीन यांचे उत्सर्जन मुख्यत्वे वृक्कावाटे होत नसल्याने केवळ गालनवेग घटला म्हणून त्यांची मात्रा कमी करणे समर्थनीय नाही.

ऐंशी वर्षांवरील रुग्णांसाठी फ्रान्स व बेल्जियम येथील वैद्यांनी पंचौषधी योजनेची सौम्य आवृत्ती तयार केली. सायक्लोफॉस्फामाइड व डॉक्सोरुबिसीन यांच्या मात्रा जवळजवळ निम्म्या करूनही दोन वर्षांनंतर सु. ५९% रुग्ण हयात असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. वय हा अडसर नसून उपचार रुग्णाच्या शक्तीप्रमाणे बेतण्याचे ते एक कारण आहे, हे यावरून दिसून येते. काही रुग्णांत मात्र हृदय, वृक्क व एकंदर प्रकृती यांचा विचार करता रोगमुक्तीपेक्षा लक्षणांचे शमन हेच उद्दिष्ट श्रेयस्कर ठरते. हा निर्णय रुग्णाला सर्व बाजू समजावून सांगून, त्याच्या संमतीने घ्यावा लागतो.

रुग्णाने व कुटुंबीयांनी घ्यावयाची काळजी : बहुतेक आवर्तनांनंतर रुग्ण लवकरच घरी जातो आणि पुष्कळदा त्याचे गाव रुग्णालयापासून दूर असते. त्यामुळे इजेची पहिली लक्षणे घरातच दिसतात. वैद्याने पाण्यावर मर्यादा घातली नसल्यास तहान नसतानाही ठराविक वेळाने पाणी घ्यावे व रोजचे वजन लिहून ठेवावे. वांत्या वा अतिसार न थांबणे, लघवी कमी होणे, पायांवर सूज, धाप, गुंगी, स्नायूंत गोळे येणे किंवा ताप यांपैकी काहीही आढळल्यास पुढील तारखेची वाट न पाहता वैद्याला दाखवावे. दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामके घेऊ नयेत. ‘वनस्पतिजन्य’ म्हणून निरुपद्रवी समजली जाणारी औषधेही वैद्याला सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील वनस्पतींमध्ये असलेले अम्ल वृक्काला कायमची इजा करते, हे सिद्ध झाले आहे. जुने सर्व रक्त-अहवाल तारखेनुसार लावून प्रत्येक भेटीत बरोबर न्यावेत. वृक्कातील बदल एका आकड्यावरून कळत नाही. आकड्यांच्या क्रमावरून कळतो आणि वेळीच कळल्यास बहुतेकदा उपचार पूर्ण करता येतात.